उद्या मास्तरांच्या कोंबड्या

माझे भावजी शिंपी आहेत. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव आहे, पण ते कोणी वाचत नाही, कारण सगळी वस्ती त्यांना 'उद्या मास्तर' म्हणून ओळखते. शर्ट टाका, पँट टाका, खिडकीचे पडदे टाका, आठवड्याने विचारायला गेलात की भावजी मशीनवरून मान वर न करता म्हणणार, "उद्या." दुसऱ्या दिवशी जा, उत्तर तेच. एका नवरदेवाचा सूट त्यांनी इतका मन लावून शिवला की तो शेवटी त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नात वापरला गेला. शाळेचे गणवेश वाढत्या अंगाचे शिवायची पद्धत आहे. भावजींकडचा गणवेश हातात पडेपर्यंत पोराचं अंग वाढून झालेलं असतं. तरी लोक येतात ते त्यांच्याकडेच. एकदा का कपडा तयार झाला, की तो असा बसतो की आपलं पोट आत गेलंय असं माणसाला वाटायला लागतं.

मी त्याच दुकानात काजं-बटणं आणि तुरपाई करते. लग्न केलं नाही, ताईकडेच राहते. त्यामुळे भावजींना बोलायचा मला पूर्ण हक्क आहे आणि तो मी रोज बजावते. लोकांना वाटतं मास्तर आळशी आहेत. साफ चूक. मशीनवर बसले की माणूस पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. घोडं अडतं ते त्याच्या आधी, कात्रीपाशी. टेबलावर कापड पसरतील, हात फिरवून सुरकुत्या काढतील, खडूने सुरेख रेघा मारतील, कात्री उचलतील, आणि मग कात्री खाली ठेवून कापडाची घडी घालतील. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा मला म्हणाले, शिवण उसवता येते, पण कापलेलं परत अखंड करून दाखव. जन्म शिलाईत गेलेला माणूस कापायला घाबरतो, ही गोष्ट आम्ही घरातल्या घरात ठेवली होती. आता सांगते, कारण ती कळल्याशिवाय कोंबड्यांचं प्रकरण कळायचं नाही.

ते प्रकरण सुरू झालं एका पँटपासून. दवाखान्यात एक्स-रे काढणारा एक मुलगा पँट आखूड करायला घेऊन आला. बिचारा नवीन होता, त्याला कोणी सावध केलं नव्हतं. भावजी म्हणाले उद्या, तर तो खरंच दुसऱ्या दिवशी आला. मग तिसऱ्या. संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर आमची छकुली बसते. छकुली म्हणजे ताईची मुलगी, माझी भाची. घोडनवरी होत आली तरी घरात छकुलीच. एक्स-रेवाल्याला माणसाच्या आतलं दिसतं म्हणतात, पण पँटला अजून कोणी हात लावलेला नाही हे त्याला महिनाभर दिसलं नाही. किंवा दिसलं असेल. कारण पुढे पुढे तो पँटबद्दल विचारायचाच विसरायला लागला. भावजींच्या 'उद्या'ने जगात एवढं एक भलं काम केलं, की दोघांचं जमलं.

आणि मग कळलं की मुलाचे वडील स्टेशनमास्तर आहेत.

नुकतेच निवृत्त झाले होते, पण ते फक्त कागदावर. शेजारच्या गावाहून गाडीने आले ते घड्याळ हातात धरूनच. खिशातलं साखळीचं घड्याळ होतं. त्यांची बायको सोबत होती, ती दिवसभरात दोन वाक्यं बोलली असेल. भावजींनी "या मास्तर" म्हटलं, त्यांनी "बसा मास्तर" म्हटलं, आणि दोन मास्तर समोरासमोर बसले. स्टेशनमास्तरांनी सरळ सांगितलं की मुलगी पसंत आहे, पण मुलीच्या वडिलांबद्दल बरंच ऐकलंय. आपला मुलगा एका पँटसाठी महिनाभर हेलपाटे घालतो, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

ताईने वेळ मारून न्यायला जेवायचा आग्रह केला. कोंबडी करते म्हणाली. त्यावर ते म्हणाले, कोंबडी माझा जीव की प्राण, पण विकतची मला सोसत नाही. घरी वाढवलेली आणि घरीच कापलेली असेल तरच खातो. एवढं ऐकून मुकाट बसायचं की नाही? भावजी म्हणाले, "मग घरीच वाढवू की! दीड महिन्यात तयार होतात."

या माणसाने आयुष्यात मांजर पाळलेलं नाही. दीड महिन्याचा आकडा त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला होता.

स्टेशनमास्तर एकदम ताठ झाले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने पिशवीतून एक गठ्ठा काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास दुकानभर पसरला. आत कोटाचं कापड होतं, गडद निळं, जड, हात लावला की सोडवू नये असं. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेलं, आणि आजवर ट्रंकेतच राहिलेलं.

"सहाव्या रविवारी एक वाजता आम्ही येतो," ते म्हणाले. "ताटात कोंबडी आणि अंगावर कोट. शिवलेला नको, ट्रायलचा चालेल. दोन्ही झालं तर लग्नाचं बोलू. नाही झालं तर माफ करा, मास्तर. उद्यावर चालणाऱ्या घरात मी मुलगा देणार नाही."

छकुली दाराआड उभी होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. मला तेव्हा भावजींचा इतका राग आला की हातातली सुई मी त्यांच्याच उशीत खोचली. म्हणजे सुयांच्या उशीत. पण जोरात.

पुढच्या आठवड्यात ब्रॉयलरची डझनभर पिल्लं खोक्यातून आली. पिवळी, चिमुकली, आणि सगळी एकदम बोलणारी. त्यांना ऊब लागते म्हणून भावजींनी कटिंग टेबलाच्या खाली पुठ्ठ्यांचं कुंपण केलं आणि वर विजेचा दिवा लटकवला. पिल्लं विकणाऱ्याने खाली भुसा घालायला सांगितला होता. भावजी म्हणाले भुसा कशाला, कातरण आहे की. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लांच्या पायांत दोरे अडकून सगळी एकमेकांना बांधली गेली होती. मी आणि छकुली चिमट्याने दोरे सोडवत बसलो आणि ताई बाहेर गिऱ्हाइकांना सांगत होती की मास्तर महत्त्वाच्या कामात आहेत. त्यानंतर भुसा आला.

ब्रॉयलरचं पिल्लू म्हणजे फक्त खाणं. खाद्याचं भांडं भरा, ते रिकामं करणार, पाणी पिणार, तिथेच झोपणार, उठून पुन्हा भांड्यात तोंड. डोळ्यांदेखत वाढतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिवळेपणा गेला, पांढरी पिसं आली आणि टेबलाखालची जागा पुरेना. मग परसात कपडे टांगायच्या जुन्या लोखंडी रॅकला चारी बाजूंनी जाळी मारून खुराडं केलं. वजनकाटा आणा म्हणून मी कानीकपाळी ओरडले, पण भावजींचा टेपवर विश्वास. रोज सकाळी एकेक कोंबडी काखेत घेऊन छाती, गळा, पाठीची लांबी मापायचे आणि भिंतीवर खडूने रेघ मारायचे. मांडी मापताना तिला "पाय सैल सोडा" म्हणायचे. ती बिचारी सोडायची.

ताईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कोंबड्यांना नावं ठेवायची नाहीत, नाव ठेवलं की घास घशाखाली उतरत नाही. नावं मी ठेवतच होते, पण ती भावजींना. तर कोंबड्या बिननावाच्या राहिल्या. अडचण अशी की पांढऱ्या झाल्यावर सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या आणि कोणाचं माप कोणतं हे कळेना. त्यावर भावजींनी तोडगा काढला. दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या गळपट्ट्या शिवून एकेकीच्या गळ्यात घातल्या. गळे रोज वाढत होते म्हणून प्रत्येक पट्टीला एक बटण आणि तीन काजं, म्हणजे सैल करता यावी. ती काजं मी केली. कोंबडीच्या गळ्याला काजं करणारी या पृथ्वीतलावर मी एकटीच असेन, आणि ती मी चांगली केली.

नावं ठेवायची नव्हती, पण कापडाला तर नाव असतंच. जी चौकटीच्या पट्टीची ती 'पोस्टमनचा शर्ट'. जी फुलाफुलांची ती 'बेकरीवालीचा पडदा'. राखाडी पट्टीची ती 'डॉक्टरांची पँट', आणि ती सगळ्यांत खादाड. एकच कोंबडी गळ्याने मोकळी होती. ती शांत होती, कुठेही उचलून ठेवली की तिथेच बसायची. पाहुण्यांसाठी पहिली हीच, असं ठरलं होतं, म्हणून तिला 'व्याह्यांचा कोट' म्हणायचे. पण व्याह्यांच्या कोटाचं कापड अजून कापलेलंच नव्हतं, मग पट्टीला तुकडा येणार कुठून? कापड शेल्फवर घडी घालून, कोंबडी खाली उघड्या गळ्याने.

या नावांनी घोटाळे न झाले तरच नवल. एकदा आमचे डॉक्टर त्यांच्या पँटची चौकशी करायला आले. भावजी परसात होते. तिथून त्यांचा आवाज आला, "अगं, डॉक्टरांची पँट फार खातेय. पोट बघ केवढं सुटलंय. रविवारी हिलापण कापू." डॉक्टरांनी हळूच खाली स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, कमरेत जरा सैलच ठेवायला सांगा. आणि गेले. त्यानंतर ते संध्याकाळी फिरायला जाताना दिसायला लागले.

दिवस जवळ येत होते आणि कोंबड्या डुलत चालण्याइतक्या जड झाल्या होत्या. ताईने विचारलं की कापणार कधी, सराव तरी करून बघा एखादीवर. भावजी म्हणाले उद्या. मी म्हटलं निदान कोट तरी बेता. कापड काढलं, पसरलं, खडू मारला, हात फिरवला, घडी घातली. उद्या. दोन कापायच्या गोष्टी आणि एक न कापणारा माणूस, यातून काय निघणार हे मला दिसत होतं आणि माझी झोप उडाली होती. गंमत म्हणजे हाच माणूस दुसऱ्याकडे जेवायला गेला की कोंबडीची हाडं चोखून पांढरी करतो.

शनिवारी संध्याकाळी छकुली खुराड्यापाशी बसली होती. भावजी खाद्य घालायला गेले तेव्हा ती वर न बघताच बोलली.

"बाबा, लहानपणी माझा एकही फ्रॉक वाढदिवसाला तयार नसायचा. मी कधी बोलले नाही. पण या एकदाच."

भावजींनी तोंड उघडलं. सवयीचा शब्द ओठांवर आला असणार, कारण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि खाद्याचं भांडं तसंच हातात धरून आत निघून गेले. मी तुरपाई करत खिडकीत बसले होते. छकुलीसाठी वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी जास्त. त्या पोरीवर त्यांचा एवढा जीव आहे की तिच्या त्या उशिरा झालेल्या फ्रॉकना आतून दुहेरी शिवण आहे, जी कोणाला कधी दिसली नाही.

रविवारी सकाळी ताईने मसाला वाटला, कांदे चिरले, मोठं पातेलं चढवलं. मग भावजींच्या हातात सुरी आणि काखेत 'व्याह्यांचा कोट' देऊन त्यांना दुकानाच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि सांगितलं की कापल्याशिवाय बाहेर यायचं नाही. ही पहिली झाली की बाकीच्या भराभर होतील, असा तिचा हिशोब होता.

आत बराच वेळ काहीच आवाज नाही. कोंबडीचाही नाही. ताई दर थोड्या वेळाने हाक मारायची. "अहो, झालं का?" तेल तापलं. छकुली भिंतीला टेकून नखं खात होती.

"अहो, कापलं का?"

आतून आवाज आला, "कापलं."

ताईने "सुटलो एकदाचे" म्हणून कांदा तेलात टाकला. छकुली रडायलाच लागली, आनंदाने. मसाला पडला, वास घरभर झाला, पाणी ओतलं, आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. कोंबडी असती तर भावजी 'कापली' म्हणाले असते. कोट असता तर 'कापला'. 'कापलं' ते फक्त कापड.

मी कडी काढून आत गेले. टेबलावर ते निळं कापड सुटं होऊन पडलं होतं. पाठ, पुढचे दोन्ही भाग, बाह्या, कॉलर, सगळं रेघेवर. भावजी खाली मान घालून कच्चे टाके घालत होते आणि घामाने निथळत होते. इस्त्रीच्या टेबलावर, जिथे ऊब असते तिथे, कोंबडी डोळे मिटून बसली होती. तिच्या गळ्यात निळी पट्टी होती. बटणासकट. कोट कापल्यावर जो पहिला तुकडा पडला तो त्यांनी आधी तिला दिला होता.

"दोन्हीपैकी एक तरी कापणं भाग होतं," ते मला म्हणाले. "सुरी उचलली तर ही माझ्याकडे बघायला लागली. कापडाला डोळे नसतात."

मी सुरी बाजूला ठेवली, सुईत दोरा ओवला आणि बाह्यांना टाके घालायला बसले. ताईला सांगायची माझी छाती झाली नाही.

बरोबर एक वाजता दार वाजलं. स्टेशनमास्तर, त्यांची बायको आणि मुलगा. मुलाने दुसरीच कुठली तरी पँट घातली होती आणि ती लांब होती. सगळे ताटावर बसले. ताईने आत येऊन पातेल्यात टाकायला कोंबडी मागितली, आणि मी नुसती मान हलवली. ताई आमची खमकी आहे. तिने वळून चार बटाटे सोलले.

शिजवायला वेळ कुठला होता? तरी दहा-पंधरा मिनिटं तिने पाहुण्यांना बोलण्यात गुंतवलं आणि मग वाढलं. रस्सा फर्मास होता. स्टेशनमास्तरांनी चमच्याने तो ढवळला. बटाटा आला. पुन्हा ढवळला. पुन्हा बटाटा, आणि तोही कच्चा. त्यांनी चमचा खाली ठेवला, घड्याळ काढलं, पाहिलं, कोटाच्या आतल्या खिशात परत ठेवलं. छकुलीने डोळे मिटून घेतले. आता काही उरलं नाही असं मलाही वाटलं.

"कोंबडी कुठे आहे, मास्तर?" त्यांनी विचारलं.

त्यावर उत्तर म्हणून कोंबडीच आली. मी दुकानाचं दार उघडं टाकलं होतं. डुलत डुलत, घाई न करता, ती जेवणाच्या खोलीत शिरली आणि थेट स्टेशनमास्तरांच्या पायाशी बसली. तिच्या गळ्यातली पट्टी त्यांनी पाहिली. खाली वाकून दोन बोटांनी चाचपली.

"हे माझं कापड आहे," ते म्हणाले.

भावजी तोवर कोट घेऊन आले होते. त्यांनी स्टेशनमास्तरांचा जुना कोट अंगातून काढून खुंटीला लावला आणि नवा, पांढऱ्या कच्च्या टाक्यांचा, त्यांच्या खांद्यावर चढवला. दुकानातल्या आरशापुढे नेऊन उभं केलं. मग तोंडात टाचण्या धरून भोवती फिरायला लागले. इथे चिमटीत धर, तिथे खडू मार. मी पुष्कळ ट्रायल पाहिल्या आहेत, पण कोणी माणूस आरशात स्वतःकडे असा बघताना पाहिला नाही. हळू आवाजात स्टेशनमास्तरांनी सांगितलं की वडिलांनी कापड दिलं तेव्हा म्हणाले होते, लगेच शिवून घे, मला बघायचाय. पण चांगला शिंपी मिळू दे, चांगला मुहूर्त येऊ दे, असं करता करता राहिलं, आणि वडील गेले. आयुष्यभर हजार गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाने एक कापड मात्र कोणाला कापू दिलं नव्हतं.

मग त्यांनी घसा साफ केला आणि पूर्वीच्याच आवाजात विचारलं, "तयार कधी होईल?"

ताईने कपाळाला हात लावला. मी डोळ्यांनीच भावजींना खुणावत होते, काहीही म्हणा, तेवढा एक शब्द सोडून. भावजींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि बाहीला खोचल्या.

"आज," ते म्हणाले. "बसा. अंगात घालूनच जा."

ताईच्या हातातला डाव खाली पडला. आमच्या घरात तो शब्द कोणी कधी ऐकलाच नव्हता.

आणि मग दुपारभर काय ते मशीन चाललं! भावजी शिवत होते, मी काजं करत होते, छकुली आणि तो मुलगा शिवणींवर इस्त्री फिरवत होते, दोघांचे हात एकाच इस्त्रीवर का लागतात हे मी विचारलं नाही. स्टेशनमास्तर गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून एकटक बघत होते. कोंबडी त्यांच्या मांडीवर चढून बसली होती आणि ते नकळत तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. अस्तर लागलं, खांदे बसले, शेवटचं बटण मी दाताने दोरा तोडून पुरं केलं. कोट अंगात गेला. पोट आत गेलं. त्यांच्या बायकोने पदराने... नाही, रुमालाने डोळे पुसले. मीच पुसले पदराने.

तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. स्टेशनमास्तरांनी सवयीने खिशाकडे हात नेला. खिसा नवा होता, रिकामा होता. घड्याळ खुंटीवरच्या जुन्या कोटात होतं. त्यांची गाडी निघून गेली होती. आयुष्यातली पहिली चुकलेली गाडी, असं नंतर मुलाने सांगितलं.

ताईने घाबरत घाबरत विचारलं, "पुढची कधी आहे?"

स्टेशनमास्तरांनी रिकामा खिसा पुन्हा चाचपला. मग भावजींकडे बघून म्हणाले, "उद्या."

आधी भावजी हसले. मग स्टेशनमास्तर. मग सगळेच, इतके की कोंबडी मांडीवरून उतरून इस्त्रीच्या टेबलाखाली गेली. दिवसभर गप्प बसलेली आमची विहीणबाई तेव्हा उठली, बाह्या सरसावल्या आणि ताईला म्हणाली, "मग कोंबडी आज होऊ दे. सुरी कुठे आहे?"

तिने परसात जाऊन काय केलं, कसं केलं, ते भावजींनी पाहिलं नाही. ते रिकाम्या मशीनवर मुद्दाम पाय मारत बसले होते. पण हाताची पक्की बाई. थोड्या वेळात 'डॉक्टरांची पँट' आणि 'बेकरीवालीचा पडदा' पातेल्यात होते आणि त्यांच्या गळपट्ट्या धुऊन दोरीवर वाळत होत्या. बटाटेही तोवर शिजले. निळ्या पट्टीच्या कोंबडीला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद खुद्द स्टेशनमास्तरांनी दिली. स्वतःच्या कोटाला कोण खातं?

दिवे लागल्यावर पुन्हा ताटं मांडली. स्टेशनमास्तरांनी नव्या कोटावर डाग पडू नये म्हणून मोठा टॉवेल बांधला होता, पण कोट काढला नव्हता. त्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. छकुलीचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

"लेट झाली," ते म्हणाले. मग छकुलीच्या ताटात आपल्या हाताने एक तुकडा वाढला. "पण आली. आम्ही लेट गाडीलाही सिग्नल देतो, पोरी."

भावजींनी त्या रात्री हाडं नेहमीसारखीच पांढरी करून ठेवली. कोणाचं काय खाल्लं हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. पण त्यांना ठाऊक होतं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दुकानात आले, रोजच्या फिरण्याने जरा बारीक दिसत होते, आणि म्हणाले की माझ्या पँटचं काय झालं? भावजी मशीनवर होते. मान वर न करता त्यांनी सवयीने तोंड उघडलं, आणि मग अडखळले.

"संपली," ते म्हणाले. "पण फार चविष्ट निघाली."